मार्केट यार्डातल्या पेढीचा सर्व्हर फोडला. चोर शिरला कुठून?

वखारभाग | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचक असतो. आज लिहितोय, कारण सकाळपासून डोकं चालायचं बंद झालंय.

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्ती आणि नेटवर्किंगची कामं करतो. बांधलेली गिऱ्हाइकं वीसेक, त्यातलंच एक मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान. नाव सांगत नाही. पाच मशिन आणि जिन्याखाली एक जुना टॉवर, त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर टू. त्यावर टॅली, पट्ट्यांचं (म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचं) सॉफ्टवेअर, झालंच तर शेठजींच्या नातवाचे बारशाचे फोटो. सध्या हंगाम ऐन भरात आहे, रोज सौदे निघतात, त्यामुळे दिवाणजी रात्री घरी बसूनही पट्ट्या करतात.

आज सकाळी साडेआठला त्यांचा फोन. "टॅली उघडंना, आन पडद्यावर इंग्रजीत कसलं तरी पत्र आलंय." गेलो. प्रत्येक फाइलच्या नावाला आठ अक्षरांचं शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच मजकूर: तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर या पत्त्यावर मेल करा, उशीर कराल तर भाव वाढेल. नातवाच्या फोटोंनासुद्धा तेच शेपूट.

बॅकअप होता की! दोन टीबीची यूएसबी डिस्क, टॉवरच्या मागं कायमची खोचलेली, रोज रात्री दहाला आपोआप कॉपी. उघडली तर तिच्यातही तेच. बाकीच्या पाचही मशिनवर शेअर केलेली फोल्डरं होती, ती पण गेली. विंडोज स्वतः जुन्या प्रती ठेवतं म्हणून तिकडं बघितलं, तर त्याही पुसलेल्या.

दुकानात शेतकरी पट्टीसाठी थांबलेत, हमाल हमालीसाठी थांबलेत, शेठजी काही न बोलता माझ्याकडं बघतायत. हा शिरला कुठून ते कसं शोधायचं? आणि आता पहिलं काय करू?

---

भडंग | सोमवार, रात्री ११:२४

अँटिव्हायरस कुठला होता? फुकटातला असणार. चांगला टाका, विषय संपला.

---

वखारभाग | सोमवार, रात्री ११:३१

पैसे भरून घेतलेला होता हो. आज कोपऱ्यात त्याचं चिन्हच नव्हतं. कुणीतरी रीतसर बंद करून टाकलेला.

---

पोर्ट_बावीस | सोमवार, रात्री ११:५२

ज्याच्या हातात ऍडमिनचा पासवर्ड आहे त्याला अँटिव्हायरस बंद करायला कितीसा वेळ? घराची किल्ली असलेल्या माणसाला कुत्रंही भुंकत नाही.

वखारभाग, आज रात्री तीनच गोष्टी करा. राउटरमधून सगळ्या वायरी काढा. टॉवर फॉरमॅट करू नका, कितीही हात शिवशिवले तरी. नवी डिस्क विकत आणा, जुनी आहे तशी काढून कपाटात ठेवा. पोलिसांनाही ती लागेल, आणि उद्या त्या जातीच्या रॅन्समवेअरची (खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) किल्ली बाहेर आली तर तुम्हालाही. तिसरं, त्या टॉवरवर बसून कुणी ब्राउझरमध्ये नेट बँकिंग, जीएसटी, ईमेल यांचे पासवर्ड साठवले असतील तर ते सगळे बदला, आणि बदलताना दुकानातलं एकही मशिन वापरू नका. घरच्या फोनवरून बदला.

आता प्रश्न. दिवाणजी रात्री घरून पट्ट्या करतात म्हणालात. कसे?

---

निवृत्त_बँकवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

तक्रार नोंदवाच. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या हेल्पलाइनला फोन, तिथं वेळेला किंमत आहे. तसं नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवा आणि प्रत घेऊन सायबर पोलिसांकडं जा. शिवाय सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) मेल टाका. एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशात असा घाला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय, आणि लॉग (मशिनच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायलाही. सहा तास तर तुमचे उलटून गेले. तरी कळवा.

---

वखारभाग | मंगळवार, दुपारी २:४०

शेठजींचं नेट बँकिंग त्याच टॉवरवर होतं, पासवर्ड साठवून. काल रात्री बारा वाजता त्यांना उठवून बदलायला लावलं. खातं शाबूत आहे.

पोर्ट_बावीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कालच देणार होतो. टाइप केलं आणि पुसलं. लॉकडाऊनमध्ये दिवाणजी माधवनगरला घरी अडकले होते, तेव्हा दुकानाच्या लाइनला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेतला आणि राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (घरबसल्या दूरचं मशिन वापरायचं दार) थेट टॉवरकडं वळवला. रिमोट डेस्कटॉप. दिवाणजी 'ऍडमिनिस्ट्रेटर' नावानंच शिरायचे. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढं १२३. पाचही मशिनना तोच.

तो राउटर मीच लावला होता. 'तात्पुरतं' म्हणून.

---

कृष्णाकाठचा | मंगळवार, दुपारी ३:०२

सरकारी रस्त्यावरचं वळण आणि आयटीवाल्याचं 'तात्पुरतं', दोन्ही आपल्या हयातीत हटत नाही.

---

भडंग | मंगळवार, दुपारी ३:१५

ते समजलं. पण सांगलीतल्या एका अडत दुकानाला त्या रशिया-चीनवाल्यांनी हेरलं कसं? कुणीतरी ओळखीचाच असणार बघा. काढून टाकलेला पोरगा वगैरे.

---

पोर्ट_बावीस | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

हा समज पक्का रुजलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुणालाही हेरावं लागत नाही. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते मिळून साधारण ४३० कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. एक गिगाबिटची लाइन असेल तर त्या सगळ्या पत्त्यांवर एका पोर्टाची टकटक पाऊण तासाच्या आत होते. म्हणजे तुम्ही चहा पिऊन भडंग संपवेपर्यंत (नावावरून आठवलं, राग नको) कुणीतरी जगातलं प्रत्येक दार वाजवून गेलेला असतो. शोडान नावाचं शोधयंत्र तर २००९ पासून असल्या उघड्या दारांची यादीच करून ठेवतंय, शोधा आणि बघा. त्या यादीत 'हळदीचं दुकान, सांगली' असं काही लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं: ३३८९ उघडं, विंडोज सर्व्हर.

पुढचं कामही माणूस करत नाही. एक प्रोग्रॅम 'ऍडमिनिस्ट्रेटर' हे नाव धरून पासवर्डांची यादी चालवत बसतो. विंडोजच्या त्या मूळ खात्याला जुन्या सेटिंगमध्ये कितीही चुका केल्या तरी कुलूप लागत नव्हतं. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये नव्यानं टाकलं तर दहा चुकांनंतर दहा मिनिटं दार बंद होतं. तुमचा २०१२ आर टू आपला बिचारा रात्रभर "चूक, पुन्हा सांगा" म्हणत राहणार. त्याला १० ऑक्टोबर २०२३ नंतर साधे मोफत अपडेटही येत नाहीत.

दार सापडलं की बऱ्याचदा ते विकलं जातं. शोधणारा एक, घेणारा दुसरा. कुलूप ठोकणारा मग शनिवार-रविवार बघून येतो, कारण सोमवारपर्यंत कुणी बघत नाही. काढून टाकलेल्या पोरावर संशय घेऊ नका. त्याला हे जमलं असतं तर तो चार हजारावर तुमच्याकडं राहिला असता का?

आणि कुणी सांगेल, "३३८९ च्या जागी ४५६७८ लावा, सापडणार नाही." सापडतं. दार मागच्या बोळात काढलं म्हणून भिंत होत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेले प्रयत्न, ४६२४ म्हणजे आत शिरलेला. ११०२ दिसला तर लॉग पुसलाय. पुसला असेल तरी निराश होऊ नका. टर्मिनल सर्व्हिसेसचा (म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा) लॉग वेगळा असतो, बरेच जण तो विसरतात. त्यात ११४९ शोधा, शेजारी आयपी पत्ता आणि वेळ सापडेल.

---

मिरजेची_सतार | मंगळवार, रात्री ९:१०

वाचतेय. मिरजेत लॅब आहे माझी. एक विचारू का, दादा? पट्ट्यांच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, मोबाइल, आधार असं सगळं असणार ना? कुलूप लावण्याआधी त्यांनी ते बाहेर नेलं असेल तर?

---

वखारभाग | मंगळवार, रात्री ९:४५

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंटरनेट कंपनीच्या पानावर दिवसागणिक वापर दिसतो. बघितला. दुकानाचं अपलोड एरवी दिवसाला अर्धा जीबीसुद्धा होत नाही. रविवारी ११ जीबी.

---

कृष्णाकाठचा | मंगळवार, रात्री १०:२०

शेठजी पैसे द्यायचं म्हणतायत का? हंगामात आठ दिवस दुकान बंद ठेवण्यापेक्षा खंडणी स्वस्त पडते, असा हिशेब माझ्या ओळखीच्या एका द्राक्षवाल्यानं मांडला होता. त्यानं दिली. किल्ली आली, पण निम्म्या फायली उघडल्या नाहीत. वर महिन्याभरानं दुसऱ्याच नावानं पुन्हा मेल.

नो मोअर रॅन्सम नावाची साइट आहे. युरोपोल, डच पोलिस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केली. कुलूपबंद फाइल आणि ते पत्र तिथं टाकलं की कुठल्या जातीचं आहे ते कळतं, आणि काहींच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही.

---

वखारभाग | बुधवार, रात्री १०:५५

जात ओळखली. किल्ली नाही. शेठजी द्यायला तयार होते, दिवाणजींनी मोडता घातला. त्याचं कारण खाली येतंच आहे, पण आधी लॉग.

सिक्युरिटी लॉग पुसलेला होता, ११०२ सकट. टर्मिनल सर्व्हिसेसचा शाबूत, पोर्ट_बावीस म्हणाले तसाच. शनिवारी रात्री ११:१८ ला ११४९, परदेशी पत्त्यावरून, ऍडमिनिस्ट्रेटर. त्याच्याआधी १०:०५ ला दिवाणजी, त्यांच्या घरच्या लाइनवरून.

ती वेळ बघितली आणि मी खुर्चीत बसलो. शनिवारी ११:२० ला मला दिवाणजींचा फोन आला होता. पट्ट्या लिहिता लिहिता पडदा गेला आणि इंग्रजीत ओळ आली. दिवाणजी नीट माणूस, त्यांनी ती कागदावर उतरवून मला एक-एक शब्द वाचून दाखवली. मराठीत अर्थ असा: दुसऱ्या कुणीतरी या मशिनला जोडून घेतलंय, म्हणून तुमची जोडणी तुटली.

मी जेवत होतो. म्हणालो, "नेट गेलं असंल, झोपा आता, सोमवारी बघू."

त्यावर ते म्हणाले, "अवो, पर दुसरं कोन असंल?" मी म्हटलं, विंडोज कायबी लिवतंय.

रविवारी मध्यरात्रीनंतर कुलूप लावायला सुरुवात झाली. म्हणजे माझ्या हातात चोवीस तासांच्या वर होते. यार्डात जाऊन राउटरची वायर ओढली असती तरी पुष्कळ झालं असतं.

---

पोर्ट_बावीस | बुधवार, रात्री ११:३०

एकाच खात्यानं दोन माणसं शिरली की नवा आत जातो आणि जुना बाहेर फेकला जातो, ही त्या पद्धतीची खोडच आहे. त्या दिवशी तिनं तुमच्यासाठी काम केलं. दिवाणजींना वेगळं खातं असतं तर त्यांना काही कळलंच नसतं. चोर आणि ते शेजारी शेजारी बसून काम करत राहिले असते.

---

निवृत्त_बँकवाला | गुरुवार, सकाळी ६:५०

दिवाणजींना माझा नमस्कार सांगा. असली माणसं बँकेत असती तर आमच्या अर्ध्या भानगडी वाचल्या असत्या.

यावरून आठवलं. १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटर हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ तिथं नवा लागला होता, त्याच्याकडं ते किरकोळ काम आलं. त्यानं ती सोडली नाही. माग काढत काढत जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. तिथला माणूस अमेरिकी लष्करी मशिनमध्ये शिरून माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीला विकत होता. पकडायला स्टॉलनं खोट्या सरकारी फायलींचा ढीग रचला, म्हणजे चोर वाचत जास्त वेळ लाइनवर राहील आणि फोन कंपनीला मागोवा घेता येईल. सगळं कशापायी, तर पाऊण डॉलर जुळेना म्हणून.

उलटं उदाहरण आपल्या पुण्याचं. कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. ११ तारखेला शनिवार होता. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांमध्ये स्वतःचा बनावट स्विच घुसवला. एटीएम विचारायचं, "या कार्डाला पैसे देऊ का?" आणि बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत प्रश्न न जाता मधलाच म्हणायचा, "दे." बनावट कार्डं घेऊन २८ देशांत माणसं उभी होती. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांची परदेशी व्यवहारांच्या निरोपांची यंत्रणा) हाँगकाँगला आणखी १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. आम्ही तेव्हा कुरकुर केली होती, हे कबूल करतो. "एवढ्याशा बँकेला कशाला?" वरच्या भडंगरावांसारखंच.

जुलै २०२४ मध्ये तर चोर बँकेत आलाच नाही. बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि तिच्यावर विसंबलेल्या शेकडो छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम थांबलं; यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनंच तिला जाळ्यातून बाजूला काढलं होतं. वखारभाग, रागावू नका, पण वीस गिऱ्हाइकांच्या किल्ल्या ज्याच्या खिशात, तो तुम्हीच आहात. तुमचा लॅपटॉप फुटला तर?

---

वखारभाग | गुरुवार, दुपारी १:१५

रागावलो नाही. त्या लॅपटॉपमध्ये 'पासवर्ड' नावाची एक्सेल फाइल आहे. होती. आज हलवली, पासवर्ड मॅनेजरमध्ये. बाकीच्या एकोणीस ठिकाणी राउटर बघत सुटलोय. दोन ठिकाणी तोच ३३८९ सापडला. दोन्ही माझेच.

---

भडंग | गुरुवार, दुपारी १:४०

ते दिवाणजींचं कारण राहिलं की. खंडणीला नको का म्हणाले? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

वखारभाग | गुरुवार, रात्री ११:४५

सांगतो. दिवाणजी पूर्वी गणपती पेठेतल्या एका पेढीवर होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, पेठेत होडी फिरली. पेढीचा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारीच ठेवलेली बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात. तेव्हापासून यांनी एक सवय लावून घेतली, कुणाला न सांगता. दर दोन आठवड्यांनी टॅली आणि पट्ट्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा, लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालायचा, आणि घरी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचा.

मंगळवारी मी शेठजींशी खंडणीचं बोलत होतो तेव्हा ते उठून गेले. तासाभरानं ते पाकीट घेऊन आले. वर कुंकवाचं बोट.

बारा दिवसांपूर्वीचा बॅकअप. माझी दोन टीबीची डिस्क, तिचं ते आपोआप वेळापत्रक, सगळं त्या सोळा जीबीच्या पेनड्राइव्हपुढं फुकट गेलं. कारण एकच, तो खोचलेला नव्हता.

राहिले बारा दिवस. पट्टीबुकं कार्बनची, दुसरी प्रत दुकानात असतेच. बुधवारपासून दिवाणजी वाचतात आणि मी, शेठजींचा मुलगा आणि यार्डातलाच एक पोरगा टाइप करतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, उचल वजा, निव्वळ. कार्बन फिका पडलाय तिथं दिवाणजी कागद तिरका धरून उजेडाला नेतात, आणि तरी नाही दिसलं तर डोळे मिटून म्हणतात, "चौदा पोती. त्यो मानूस लांबून आला हुता, टेंपो बिघडलेला." खाली वजन जुळतं! कीबोर्डाच्या फटीफटीत हळद, माझी नखं पिवळी झालीत, घरी बायको विचारते कुणाचं लग्न आहे.

जुना टॉवर उघडला तर पंखासुद्धा पिवळाधमक. फॉरमॅट केला नाही. डिस्क काढून पोलिस पंचनाम्यासाठी ठेवली. सगळं नव्या मशिनवर, नव्यानं. बॅकअप आधी माझ्याकडच्या एका बिननेटच्या मशिनवर तपासून घेतला.

---

पोर्ट_बावीस | शुक्रवार, सकाळी ८:२०

या माणसाला सल्लागार नेमा.

आपल्या धंद्यात ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यात आता एक प्रत वायरीपासून तोडलेली हवी, असं जोडलं जातं. दिवाणजी न शिकता तिथं पोचले, पुरानं शिकवलं. फक्त दोन पेनड्राइव्ह करा, आलटून पालटून. आणि दोन महिन्यांतून एकदा त्यातून टॅली खरंच उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न बघितलेलं स्थळ, वर्णनाला चांगलंच असतं.

घरून काम कसं चालू ठेवायचं ते सांगतो. राउटरवरचं पोर्ट वळवणं काढायचं, कायमचं. यूपीएनपी बंद, नाहीतर आतलंच एखादं यंत्र स्वतःहून दार उघडून घेतं. राउटरचं सेटिंगचं पान बाहेरून दिसत असेल तर तेही बंद. मग वायरगार्ड (बाहेरून आतल्या जाळ्यात यायचा कुलूपबंद खाजगी रस्ता, म्हणजे व्हीपीएन) येणारा राउटर घ्या. दिवाणजींच्या लॅपटॉपवर किल्ली टाका, ते आधी वायरगार्डमधून आत येणार आणि मग रिमोट डेस्कटॉप. वायरगार्डची गंमत अशी की ज्याच्याकडं किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, नकारसुद्धा नाही. टकटक करणाऱ्याला वाटतं इथं घरच नाही.

दिवाणजींचं खातं साधं. ऍडमिनचं वेगळं, ते फक्त तुम्ही वापरायचं, आणि त्यावर ईमेल उघडायचं नाही. पाच मशिनना पाच पासवर्ड. चुका झाल्या की खात्याला कुलूप. आणि अपडेट चालू. अपडेटवर सगळे वैतागतात म्हणून सांगतो: वॉनाक्राय हे रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला सुटलं, दीडशे देशांत दोन लाखांवर मशिन आडवी झाली, इंग्लंडमध्ये दवाखान्यांनी पेशंट परत पाठवले. ज्या भोकातून ते शिरत होतं त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. ५९ दिवस. दुकानात विंडोज १० ची मशिन असतील तर त्यांचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

---

भडंग | शुक्रवार, सकाळी ९:००

माझ्या दुकानात विंडोज ७ आहे. कुणाला सांगू नका.

---

मिरजेची_सतार | शुक्रवार, दुपारी ४:१०

सगळं वाचून घाबरले आणि लॅबचा राउटर उघडून बघितला. ३३८९ नाही. पण दोन पोर्ट वळवलेले आहेत आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या डीव्हीआरकडं (चित्रण साठवणारा डबा). मोबाइलवर कॅमेरे बघायला लावणाऱ्यानं केलं असणार. हे पण धोक्याचं का? त्यात चोरण्यासारखं काय आहे, नुसता काउंटर दिसतो.

---

पोर्ट_बावीस | शुक्रवार, संध्याकाळी ७:२५

ताई, डीव्हीआर हा डब्यातला कॉम्प्युटरच आहे. त्याला तुमचा काउंटर बघायचा नसतो, त्याला पाय ठेवायला जागा हवी असते. तो डीव्हीआर आणि रिपोर्टचं मशिन एकाच जाळ्यात असेल तर एकातून दुसऱ्यात जाता येतं.

२०१६ मध्ये मिराई नावाचं प्रकरण झालं. कारखान्यातून येतात तेच साठेक नाव-पासवर्ड घेऊन ते जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर चाळत सुटलं आणि लाखो डबे ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत बऱ्याच जणांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. मिराई लिहिणारी कॉलेजची पोरं होती. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर पाडायचा धंदा करायचा म्हणून हे सुरू केलं होतं. अवांतर संपलं.

दोन्ही पोर्ट काढा. मोबाइलवर बघायचं तर तेच वायरगार्ड. कॅमेऱ्यांना वेगळं जाळं द्या, निदान राउटरच्या पाहुण्यांच्या वायफायवर टाका, म्हणजे रिपोर्टच्या मशिनशी बोलायची सोय राहणार नाही. डीव्हीआरचा पासवर्ड बदला आणि कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर (डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर) आलंय का बघा.

---

वखारभाग | पुढचा रविवार, रात्री ९:३०

खबरबात. पट्ट्या काल पूर्ण झाल्या. बारा दिवसांच्या नोंदीत एकूण फरक ४० रुपये. दिवाणजी अजून शोधतायत. मी म्हटलं सोडा, तर त्यांनी मला त्या ७५ सेंटची गोष्ट परत ऐकवली (मीच त्यांना सांगितली होती, नसती अवदसा).

वायरगार्ड चालू आहे. दिवाणजींना एकदाच दाखवलं, "आधी हिरवं बटन, मग संगणक." लॉग आता एका वेगळ्या छोट्या मशिनवर जमा होतो, टॉवरवरचा कुणी पुसला तरी प्रत राहील. रोज सकाळी चहाबरोबर बघतो. नव्या राउटरवर पहिल्याच रात्री बाहेरून ३३८९ वर किती टकटका झाल्या त्या मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. पंचनामा झाला, तक्रारीचा क्रमांक मिळाला.

मिरजेच्या ताईंनी विचारलेलं शेठजींच्या कानावर घातलं. आधी म्हणाले, गाजावाजा नको, गिऱ्हाईक तुटेल. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सौद्याच्या जागेजवळ, भाव लिहितात त्या फळ्यावर त्यांनी स्वतः खडूनं लिहिलं: आमच्या पेढीतून तुमचे खाते क्रमांक व मोबाइल नंबर चोरीस गेले असण्याची शक्यता आहे. आमच्या नावानं कुणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर देऊ नये, दुकानात फोन करावा. खाली हळदीचा दर. फोन येतायत, बहुतेक जण विचारतात की पट्टी कधी मिळणार.

माझं बिल मी लावलं नाही. शेठजींनी राउटरचे पैसे दिले, तेही मी नको म्हणत होतो.

---

मिरजेची_सतार | पुढचा रविवार, रात्री १०:०५

फळ्याचं वाचून बरं वाटलं. दादा, माझ्याकडं कधी येता? पोर्ट काढले, पण डीव्हीआरचं वेगळं जाळं जमेना.

---

वखारभाग | पुढचा रविवार, रात्री १०:१२

मंगळवारी सकाळी येतो ताई. डीव्हीआरचा पासवर्ड तेवढा शोधून ठेवा.

---

मिरजेची_सतार | पुढचा रविवार, रात्री १०:१५

शोधायचा कशाला, डीव्हीआरवरच चिकटवलाय.